चूक सांगणारे माणूस

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एक खोटे बोललो. खोटे तसे लहानच होते. ‘फार सुंदर झालं,’ एवढे तीन शब्द. असली खोटी आपण सारेच दिवसातून चार वेळा बोलतो, आणि सणासुदीला तर अंमळ जास्तच. शेजारणीच्या अनारशाला कोणी नाव ठेवत नाही. व्याह्यांनी म्हटलेले गाणे कोणाला बेसूर लागत नाही. जग चालते ते अशाच थोड्याशा गोडाधोडावर. पण त्या तीन शब्दांनी मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून ते आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

आधी माझी ओळख सांगतो. मी माणूस मॅट्रिक. चार कादंबऱ्या नावावर आहेत. पण त्यांपायी कोणी मला पदवी दिली नाही. तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत वाचनालय, हस्ताक्षर आणि निबंधाचे तास सांभाळतो. त्याच शाळेत संगीताचे एक शिक्षक आहेत. शिक्षकांच्या खोलीत सगळे त्यांना ‘बुवा’ म्हणतात. त्या हाकेत निम्मा आदर असतो आणि निम्मी थट्टा. बुवा मला ‘लेखक’ म्हणतात; त्याचीही फोड बहुधा तशीच असावी.

तर त्या संमेलनात चाळीस मुलांचे समूहगीत होते. दुसरे कडवे संपता संपता बुवांनी पेटी थांबवली आणि शेवटचे कडवे मुलांनी नुसत्या गळ्यावर म्हटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उत्साहाने पडद्यामागे गेलो आणि म्हणालो, “बुवा, फार सुंदर झालं! शेवटी पेटी थांबवून नुसता मुलांचा आवाज ठेवलात, ती कल्पना तर अप्रतिम!”

बुवा भात्याची कडी लावीत होते. त्यांनी मान वर केली.

“अहो लेखक, कल्पना कसली? पेटीपुढचा माइक बंद पडला होता. मागच्या ओळीला पेटी ऐकूच जाईना. दुसऱ्या कडव्यात मुलं पट्टी सोडून चांगली अर्धा स्वर खाली आली. वाजवत राहिलो असतो तर पेटी एकीकडे आणि मुलं दुसरीकडे. म्हणून थांबलो.”

मी ओशाळलो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “पण कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही!”

“तेच तर,” बुवा म्हणाले, आणि पेटी उचलून चालू लागले.

खरे सांगायचे तर मी गाणे ऐकलेच नव्हते. कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मी एका प्रकरणाचा शेवट जुळवीत होतो. टाळ्या पडल्या तेव्हा भानावर आलो. म्हणजे मी जे दिले ते कौतुक नव्हते, कौतुकाची पावती होती. माल घेतल्यावाचून फाडलेली. आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. जे काम आपल्याला कळत नाही, ते करणाऱ्या माणसाचे आपण काही देणे लागतो का? आणि लागत असलो, तर ते देणे गोड बोलण्याने फिटते का?

कोणी म्हणेल, एका पेटीवाल्या मास्तराच्या चार सुरांवरून एवढा ऊहापोह कशाला? मलाही आधी तसेच वाटले. पण मग मी बुवांच्या दिवसाकडे नीट पाहू लागलो.

आमच्या शाळेत मराठीचे तिघे, गणिताचे तिघे, इंग्रजीचे दोघे. गणिताच्या सरांचे फळ्यावरचे उत्तर चुकले, तर मधल्या सुट्टीत दुसरे सर डोळे मिचकावून ते त्यांच्या कानावर घालतात. मी निबंधात एखादा शब्द चुकीचा वापरला, तर मराठीच्या बाई तो लाल शाईने सुधारून वही माझ्याच टेबलावर आणून ठेवतात. राग येतो, पण दुसऱ्या दिवशी शब्द बरोबर येतो. संगीताचे बुवा मात्र एकटेच. अठरा वर्षे एकटे. मुख्याध्यापक त्यांचा पाठ पाहायला येतात तेव्हा वहीत लिहितात, ‘वर्गात शिस्त होती. मुले आनंदी दिसली.’ एखाद्या वैद्याने नाडी न बघता ‘रोग्याचा सदरा स्वच्छ होता’ असे लिहावे, तशातला हा प्रकार.

काम मात्र भरपूर. रोजची प्रार्थना, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिक्षकदिन, बक्षीससमारंभ, आणि मध्येच कोणी साहेब येणार असले की स्वागतगीत. “बुवा, उद्या पाहुणे येताहेत. एक गीत बसवून टाका.” उद्या! गणिताच्या सरांना कोणी ‘उद्यापर्यंत अपूर्णांक बसवा’ म्हणत नाही. आणि परीक्षा जवळ आल्या की बुवांच्या दारी याचकांची रीघ लागते. “बुवा, आजचा तेवढा तास द्या.” बुवा देतात. विज्ञानाला देतात, भूमितीला देतात, आणि सांगायला लाज वाटते, निबंधालाही देतात. माझ्या निबंधाच्या सरावासाठी मी किती तास मागून घेतले याचा हिशेब बुवांनी ठेवलेला नाही. मी ठेवला असता, तर या लेखाला बसलो नसतो.

कायद्याने या माणसाला काही आधार द्यावा म्हटले, तर तिथेही त्याची खुर्ची अर्धीच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शाळेत शंभराहून अधिक मुले असली तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे म्हटले आहे. अंशकालीन! शिवाय ‘कला’ या एका शब्दाच्या बाकावर चित्र, गाणे, नाच आणि नाटक अशी चौघांनी दाटीवाटीने बसायचे. पुढे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. शिक्षकाने दर वर्षी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. अपेक्षा फार चांगली आहे. आमच्या बुवांनीही प्रशिक्षणाला हजेरी लावली. मूल्यमापनाची कोष्टके शिकले, अहवाल कसा भरावा ते शिकले. मी विचारले, “गळ्याविषयी काही सांगितलं का?”

“सांगितलं ना. बोलून बोलून व्याख्यात्यांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी खडीसाखर मागितली. गळ्याचा विषय निघाला तो तेवढाच.”

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बुवांना माणसांची उणीव नाही. ते चहाला आमच्यात बसतात, हसतात, लग्नामुंजीला येतात. एकटेपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड घर आणि मिणमिणता दिवा येतो. बुवांचा एकटेपणा भरल्या खोलीतला आहे. त्यांच्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी लावलेला स्वर चढा लागला की उतरा, हे सांगणारे कोणी नाही. ज्याची चूक कोणाच्या लक्षात येत नाही, त्याचे बरोबरही कोणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या दिवशी बुवांनी वर्गात भूप अगदी निर्मळ शिकवला, मुलांच्या तोंडून गंधार लखलखीत निघाला, तरी वहीत नोंद तीच: ‘मुले आनंदी दिसली.’ मग माणसाने जीव कशाला आटवावा?

ही स्थिती पूर्वीपासून अशीच होती का? नव्हती. गाणे जेव्हा गुरूच्या घरात होते, तेव्हा तिथे हाल होते, पाणी भरणे होते, लहरी होत्या. विद्या सर्वांना खुली तर नव्हतीच. पण तिथे शिष्य एकटा नसे. भिंतीपलीकडे गुरुबंधू असे. पहाटे खर्ज लावताना स्वर हलला, तर आतून गुरूचा खाकरण्याचा आवाज येई. तो खाकरा हीच त्या काळची अध्यापनपरिषद.

त्या घराची दारे उघडण्याचे काम महाराष्ट्राच्याच दोन विष्णूंनी केले. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ते गाणे शिकले, आणि १९०१ साली थेट लाहोरास जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. हे व्यवसायाने वकील. गावोगाव हिंडून उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तके छापली. या दोघांमुळे गाणे सभ्य घरात आले, शाळेत आले, तुमच्या-आमच्या मुलींच्या गळ्यात आले. त्यांचे ऋण न मानणारा कृतघ्न म्हणायचा.

पण एक गोष्ट आपण विसरलो. पलुस्करांनी नुसते विद्यार्थी घडवले नाहीत. गावोगाव जाऊन शिकवतील असे शिक्षक त्यांनी मुद्दाम घडवले, आणि तेही वर्षानुवर्षे एकत्र ठेवून. १९३१ साली ते वारले, तेव्हा या शिष्यांनी काय केले? त्याच वर्षी ते अहमदाबादेस जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गुरू गेल्यावर शिष्यांना पहिली गरज वाटली ती एकमेकांची. आज त्या मंडळाच्या परीक्षा आपण सारे ओळखतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पोरीच्या लग्नाच्या टिपणात लिहिण्याइतक्या त्या घरगुती झाल्या आहेत. पण विशारद झालेला मुलगा एकदा शाळेत चिकटला, की त्याची परीक्षा घेणारे कोणी उरत नाही. पुस्तक राहिले, प्रमाणपत्र राहिले, पलीकडच्या खोलीतला तो खाकरा मात्र गेला.

यावर मी स्वतःशीच एक आक्षेप घेऊन पाहिला. म्हटले, कलावंत हा एकटाच असायचा. मी कादंबरी लिहितो ती काय मंडळ भरवून लिहितो? रात्री घर निजले, की मी आणि कागद. एकांतावाचून कला नाही. मग बुवांच्या एकांताचे एवढे काय?

पण ही तुलना लंगडी आहे, हे लवकरच कळले. माझा एकांत मी मागून घेतलेला असतो. दार आतून लावलेले असते आणि हवे तेव्हा उघडता येते. बुवांच्या दाराला कडी बाहेरून आहे. शिवाय गाण्यात रियाज एकट्याने करायचा हे खरे, पण एकट्याने केलेल्या रियाजात चूकसुद्धा पक्की होते. रोज घासल्याने भांडे लखलखते तसा रोज घासल्याने पोचाही गुळगुळीत होतो, आणि मग तो पोचा आहे हेच दिसेनासे होते.

दुसरा आक्षेप माझ्या मुलाने घेतला. तो म्हणाला, “बाबा, आता मोबाइलवर जगातलं सगळं गाणं आहे. सर एकटे कसे?” मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्या मैफिलींसाठी आमच्या आधीच्या पिढीने रात्रीचा प्रवास केला, त्या आज अंथरुणात पडून ऐकता येतात, आणि बुवाही त्या ऐकतात. पण ते यंत्र गाते. बुवांचे ऐकत नाही. भीमसेन जोशींचा षड्ज ऐकून बुवांना आपला उतरलेला षड्ज कळेलही. पण पाचवी ‘ब’च्या बेचाळीस मुलांना तो कसा लावायला शिकवावा, हे त्यात कुठे आहे? शिकवणाऱ्याला शिकवणाराच भेटावा लागतो.

आणि बुवा कोणाला भेटत नव्हते, असेही नाही. तालुक्यातल्या शाळांचे संगीतशिक्षक वर्षातून एकदा भेटत; समूहगीत स्पर्धेच्या दिवशी. म्हणजे ज्या एका दिवशी हे समानधर्मी एकत्र येत, त्याच दिवशी ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असत. शेजारच्या शाळेच्या बाईंनी सलग तीन वर्षे ढाल नेली होती. बुवा त्यांच्याकडे पाहतही नसत. एकदा त्या बाईंनी निरोप पाठवला होता, की तुमच्याकडे एक जुनी चीज आहे असे कळले, ऐकायला येऊ का? बुवांनी ‘सवड नाही’ म्हणून कळवले. मी हे लपवीत नाही, कारण बुवांना संत ठरवण्यासाठी हा लेख नाही. एकटे पडलेल्या माणसाला पुढे पुढे एकटेपणाची सवय होते, सवयीचा अभिमान होतो, आणि मग कोणी दार ठोठावले तर तो चोर आला असे समजतो. बुवा दर वर्षी तीच अकरा गाणी शिकवीत. विचारले तर म्हणत, “कुणाला कळतंय?” या दोन शब्दांत जितके दुःख होते तितकीच सोयही होती.

संमेलनानंतर महिन्याभराने बुवा मला म्हणाले, “लेखक, मिरजेला येता का? शाळेचा तंबोरा माळ्यावर पडलाय. दुरुस्त करून आणू.” मनातल्या अपराधाचे थोडे उतराई व्हावे म्हणून मी गेलो. एसटीच्या मागच्या बाकावर तंबोरा मध्ये ठेवून आम्ही दोघे दोन्ही बाजूंनी, एखाद्या आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यावे तसे त्याला धरून बसलो होतो.

मिरज ही तंतुवाद्यांची पेठ. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानात छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि एका कोपऱ्यात साठीतले कारागीर घोडीवर कानस फिरवीत बसलेले. त्यांनी आमच्या तंबोऱ्याची जवारी काढायला घेतली. थोडे घासायचे, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा थोडे घासायचे. तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि इतकी वर्षे मुकी पडलेली ती तार एकदम गुंजू लागली. माझ्यासारख्या औरंगजेबाच्याही अंगावर काटा आला.

बुवांनी तंबोरा मांडीवर घेऊन जुळवला. कारागीर मान खाली घालून दुसरे काम करीत होते. मान तशीच ठेवून ते म्हणाले, “सर, पंचम जरा चढा लावलात.”

मी दचकलो. म्हटले, आता बुवा चिडणार. बुवा क्षणभर थांबले. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा तार छेडली, मणी केसभर सरकवला, पुन्हा छेडली. आणि त्यांच्या तोंडावर जे हसू पसरले, ते मी अठरा वर्षांत पाहिले नव्हते.

“खरंच की हो!” ते म्हणाले. “चढाच होता.”

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक बसले होते. त्याच त्या ढाल नेणाऱ्या बाई! त्याही तंबोराच घेऊन आल्या होत्या. बाई म्हणाल्या, “माझा परवा खर्ज उतरलेला निघाला. मलाही असंच ऐकवलं यांनी.” तिघेही हसले. माझे हसू त्यांच्याहून एक क्षण उशिरा आले, कारण मला विनोद कळायला तेवढा वेळ लागला.

परतीच्या वाटेवर बुवा गप्प होते. गाडी बरीच पुढे आल्यावर ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “शाळेत लागल्यापासून आज पहिल्यांदा कुणीतरी मला चुकलात म्हणालं.” एखाद्याने बक्षीस मिळाल्याचे सांगावे, अशा सुरात ते हे बोलले.

माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला तिथे मिळाले. आपण समजतो, चूक दाखवणे म्हणजे दुखावणे आणि वाहवा करणे म्हणजे जवळ घेणे. पण न ऐकता केलेली वाहवा ही माणसाला उंबऱ्यातूनच वाटेला लावण्याची सभ्य रीत आहे. ‘पंचम चढा आहे’ असे म्हणणाऱ्या कारागिराने आधी बुवांचा पंचम ऐकला होता. आदर असा त्याचे नाव. माझ्या ‘फार सुंदर’मध्ये तो नव्हता.

उरलेले निम्मे उत्तर अधिक कडू आहे. मिरजेच्या त्या भेटीनंतर बुवा, त्या बाई आणि आणखी दोन शाळांचे शिक्षक महिन्यातून एका शनिवारी दुपारी आमच्या वाचनालयात जमू लागले. किल्ली माझ्याकडे, म्हणून मीही तिथे. पहिल्या दिवशी कोणी गायला तयार होईना. चौघेही इतरांना शिकवणारे. पण दुसऱ्या जाणत्यापुढे तोंड उघडायचे म्हणजे पोटात गोळा. दोन वेळा चहा झाला तेव्हा कुठे पहिला स्वर लागला.

तिसऱ्या बैठकीत बोलणे मुलांच्या आवाजावर आले. आठवीच्या सुमारास मुलग्यांचा आवाज फुटतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या बुवांचा नियम होता: आवाज फुटला की मुलाने समूहगीतातून बाहेर. “आता तू वर्षभर गप्प बैस. टाळ धर.” हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता, बेसूर नको म्हणून त्यांनी आपल्या बुद्धीने केला होता, आणि विचारावे असे जवळ कोणी नव्हते.

बाई म्हणाल्या, “मी नाही बसवत बाहेर. त्यांना खालची पट्टी देते. चारपाच स्वरांत गाता येईल एवढंच देते आणि जोर लावू देत नाही. आवाज बदलत असतो, मेलेला नसतो. गप्प बसवलं की मूल समजतं, आपल्याला गाणं येत नाही. मग ते पुन्हा येतच नाही.”

खोलीत शांतता पसरली. बुवा खाली बघत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आमच्या गल्लीत एक आहे. सातवीपर्यंत काय गळा होता! आठवीत मी त्याला टाळ दिली. आता टेम्पो चालवतो. गणपतीत आरतीला येतो. नुसत्या टाळ्या वाजवतो. मी समजत होतो, त्याची आवड गेली.”

पुढे त्यांनी आणखी एकच वाक्य म्हटले. “अठरा वर्षांत असे किती झाले असतील हो?”

याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. माझ्याजवळ तर नव्हतेच. पण तेव्हा मला उमजले की शिक्षकाचा एकटेपणा हा त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही. तो त्याचे दुःख म्हणून सोडून देता आला असता, तर आपण चार सहानुभूतीचे शब्द बोलून मोकळे झालो असतो. पण त्याची किंमत तो भरीत नाही, मुले भरतात. ज्याला विचारायला कोणी नाही, तो आपल्या चुका प्रामाणिकपणे शिकवतो. त्यात कपट नसते, आळसही नसतो. आणि म्हणूनच त्या चुका पकडल्या जात नाहीत. बुवांचा दोष होता का? होता, बाईंनी दार ठोठावले तेव्हा त्यांनी ते उघडले नव्हते. पण त्यांचे तास मागून नेणारे, उद्याचे गीत आज मागणारे, आणि न ऐकता टाळ्या वाजवणारे आम्ही, आमचा दोष नाही असे मला म्हणवत नाही.

मग आपण काय करावे? आपण सर्वांनी विशारद व्हावे, असे मी म्हणत नाही. माझ्या बाबतीत तर तो समाजाला उपद्रव होईल. आपल्याला जमण्यासारखे थोडेच आहे. संगीताच्या शिक्षकाचा तास हा तास समजावा. त्याला वर्षातून चार दिवस आपल्या बरोबरीच्यांत जायला मिळावे, आणि ती रजा न मानता काम मानावे. आणि तो आपल्या मुलांना घेऊन गाऊ लागला, की ती तीन मिनिटे आपण ऐकावे. स्वर कळला नाही तर ‘मला कळलं नाही’ म्हणावे. हेही एक खरे बोलणे आहे, आणि गाण्याच्या माणसाला खऱ्याचा कान असतो. या दिवाळीत पहाटेच्या मैफिलीहून आपण घरी याल, तेव्हा उटण्याच्या वासात एकदा आपल्या पोरांना विचारा, तुमच्या शाळेत गाणे कोण शिकवते? नाव सांगता आले तर उत्तम. ‘पेटीवाले सर’ म्हणाली, तर नाव विचारून यायला सांगा.

बुवांची गोष्ट संपवतो. यंदाच्या १५ ऑगस्टला समूहगीतात मागच्या रांगेत आठवीचे सहा मुलगे उभे होते. खालच्या पट्टीतली चारच सुरांची एक ओळ बुवांनी त्यांच्यासाठी मुद्दाम बांधली होती. घोगरी, पण त्यांची. मी कार्यक्रमपत्रिका खिशात ठेवून शेवटपर्यंत ऐकले. मग धीर करून बुवांपाशी गेलो.

“बुवा, मला फारसं कळत नाही. पण तिसऱ्या ओळीला मुलं पळाली का?”

बुवांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “तिसरीला नाही, चौथीला. पण पळाली हे खरं.” आणि भात्याची कडी लावता लावता म्हणाले, “आता मीही एक सांगतो. तुमच्या नव्या कादंबरीचं बाड वाचलं. त्यातला तुमचा गवई पहाटे उठून नदीकाठी यमन गातो. यमन संध्याकाळचा, लेखक. तेवढं दुरुस्त करा.”

ते प्रकरण त्याआधी चार जणांनी वाचले होते. चौघांनीही ‘फार सुंदर’ म्हणून सांगितले होते.